३-९ झालेल्या कोचला अजून एक वर्ष द्यावं का?

मक्याचं_शेत

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतल्या प्रत्येक विद्यापीठाच्या गावात एकच वाद पेटतो: हेड कोचला ठेवायचं की हाकलायचं? आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद चार ओळींच्या पुढे जात नाही, लगेच मीम्स सुरू होतात. म्हणून इथे धागा काढतोय. (फुटबॉल म्हणजे इथला, हातात धरून पळायचा. मेस्सीवाल्यांनी माफ करावं.)

उदाहरण नेब्रास्काचं घेतो, कारण मी लिंकनला (या विद्यापीठाच्या गावी) शिकलो आणि अजून ओमाहातच आहे. शिवाय 'अजून एक वर्ष' देऊन काय होतं हे तिथे इतकं स्वच्छ दिसलं की दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही.

स्कॉट फ्रॉस्ट घरचा मुलगा. नेब्रास्कातल्याच वुड रिव्हरचा, १९९७ च्या राष्ट्रीय विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू). २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडाला १३-० असा अख्खा सीझन जिंकून दिला आणि मग लिंकनला परतला. ७ वर्षांचा करार, साडेतीन कोटी डॉलर. पहिल्या वर्षी ४-८ (म्हणजे चार जिंकले, आठ हरले), मग ५-७, मग कोविडच्या अर्धवट सीझनमध्ये ३-५, आणि २०२१ ला ३-९.

आता हे ३-९ जरा उघडून बघा. इलिनॉयकडून ८ गुणांनी हार, ओक्लाहोमाकडून ७, मिशिगन स्टेटकडून ३ (तेही जादा वेळेत), मिशिगनकडून ३, मिनेसोटाकडून ७, पर्ड्यूकडून ५, ओहायो स्टेटकडून ९, विस्कॉन्सिनकडून ७, आयोवाकडून ७. दोन आकडी फरकाने एकही हार नाही. वर्षभराची बेरीज केली तर नेब्रास्काने ३३५ गुण केले आणि २७२ दिले. म्हणजे ६३ गुणांनी पुढे राहून ३-९!

त्यामुळे नोव्हेंबर २०२१ मध्ये अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाचा क्रीडाप्रमुख) ट्रेव्ह अल्बर्ट्सने त्याला ठेवलं तेव्हा ते अगदीच वेडेपणाचं वाटलं नव्हतं. पगार ५० लाखांवरून ४० लाख डॉलर. बायआउट, म्हणजे मुदतीआधी काढलं तर विद्यापीठाने मोजायची रक्कम, २ कोटींवरून दीड कोटी. आणि १ ऑक्टोबर २०२२ नंतर तीच ७५ लाख. आक्रमणाच्या बाजूचे चार सहायक कोच घरी पाठवले, पिट्सबर्गहून मार्क व्हिपलला आणून आक्रमणाची सूत्रं त्याच्याकडे दिली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २०२२ चा पहिला सामना डब्लिनमध्ये, नॉर्थवेस्टर्नविरुद्ध. नेब्रास्का २८-१७ ने पुढे असताना फ्रॉस्टने ऑनसाइड किकचा जुगार खेळला (एरवी गुण केल्यावर चेंडू लांब मारून प्रतिपक्षाला देतात; तो मुद्दाम जवळ मारून आपणच झडप घालायची). फसला. २८-३१ हार. त्या नॉर्थवेस्टर्नने अमेरिकेत परत आल्यावर वर्षभरात एकही सामना जिंकला नाही, हे वर. मग ११ सप्टेंबरला, जॉर्जिया सदर्नने लिंकनमध्ये येऊन ६४२ यार्ड कुटून ४५-४२ ने हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी, फ्रॉस्ट गेला. तीन आठवडे थांबले असते तर ७५ लाख डॉलर वाचले असते. पण थांबायला कुणी तयार नव्हतं.

माझं मत: २०२१ च्या नोव्हेंबरातच काढायला हवं होतं. ३-९ म्हणून नाही. ते नऊ पराभव कसे झाले ते बघून.

इलिनॉयविरुद्ध आपल्याच गोलरेषेला चिकटून पंट (चेंडू पायाने लांब मारून समोरच्याला देणं) झेलला आणि गडबडीत दोन गुण दान केले. मिशिगन स्टेटविरुद्ध सामना हातात असताना पंट चुकीच्या बाजूला गेला, त्यांच्या रिटर्नरने ६२ यार्ड पळत थेट टचडाऊन केला (चेंडू गोलरेषेपार नेला). आयोवाविरुद्ध २१-६ ने पुढे, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये पंट अडवला जाऊन टचडाऊन. ऑगस्टच्या शेवटी जी भानगड, तीच नोव्हेंबरच्या शेवटी. स्पेशल टीम्स, म्हणजे किक आणि पंटच्या वेळची तुकडी, हे खातं प्रतिभेचं नाही, शिस्तीचं आणि सरावाचं आहे. आणि सरावाचं वेळापत्रक हेड कोच ठरवतो, दुसरा कुणी नाही.

माझी कसोटी एवढीच: चुका दरवर्षी नव्या होताहेत की त्याच त्या? नव्या असतील तर माणूस शिकतोय, थांबा. त्याच असतील तर कितीही थोडक्यात हरू देत, वर्ष वाया जाणार.

तुम्ही काय बघता?

पेठकर

धागा वाचतोय, खेळ कळत नाही. पण एक मूलभूत शंका. कॉलेजच्या कोचला ५० लाख डॉलर? आणि काढल्यावर वर दीड कोटी? कुलगुरूला किती मिळतात? आमच्याकडे जिमखान्याचे सर उन्हाळ्यात परीक्षेची सुपरव्हिजनही करायचे हो.

हिशेबनीस

पेठकर, कुलगुरूंचं नाव काढू नका, बरेच राज्यपालही मागे पडतात. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो.

मोठ्या कॉन्फरन्समध्ये (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचे गट) हा पैसा मुख्यतः टीव्ही, तिकिटं आणि देणगीदार यांच्याकडून येतो. नेब्रास्का ज्या बिग टेनमध्ये आहे तिचा २०२२ मधला टीव्ही करार ७ वर्षांचा आणि ७०० कोटी डॉलरहून मोठा. लिंकनचं मेमोरियल स्टेडियम १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकलं गेलंय असं ते अभिमानाने सांगतात. तीन जिंकून नऊ हरलेल्या वर्षीसुद्धा!

बायआउटबद्दल: हे आकडे कोचची लायकी सांगत नाहीत, करार झाला त्या दिवशी एजंट किती जोरात होता ते सांगतात. टेक्सस ए अँड एमने २०२३ मध्ये जिम्बो फिशरला काढलं तेव्हा सुमारे साडेसात कोटी डॉलर देणं लागत होतं. पेन स्टेटने २०२५ च्या ऑक्टोबरात जेम्स फ्रँकलिनला काढलं तेव्हा जवळपास ४.९ कोटी. तेव्हा 'कोचला वेळ द्यावा' असं अ‍ॅथलेटिक डायरेक्टर म्हणतो तेव्हा आधी कराराचं शेवटचं पान बघावं. बऱ्याचदा तो वेळ देत नसतो, हप्ते कमी व्हायची वाट बघत असतो.

चौथा_डाऊन

मक्याचं_शेत, लिहिलंय छान, पण निष्कर्षाशी असहमत.

फ्रॉस्टचा ८ किंवा कमी गुणांच्या फरकाच्या सामन्यांतला एकूण हिशेब ५-२२ आहे. इतका वाईट आकडा कौशल्याच्या अभावाने येत नाही हो, त्यात दुर्दैवाचा मोठा वाटा असतोच. थोडक्यातले सामने वर्षानुवर्षं निम्मे-निम्मे होत जातात. ६३ गुणांनी पुढे असलेला संघ साधारण सात सामने जिंकतो. अल्बर्ट्सने २०२१ मध्ये केलं तेच कुणीही आकडे वाचणाऱ्याने केलं असतं.

आणि कोच बदलल्यावर काय झालं? २०२३, मॅट रूलचं पहिलं वर्ष. ५-३ वर असताना शेवटचे चार सामने गेले: मिशिगन स्टेट १७-२०, मेरीलँड १०-१३, विस्कॉन्सिन १७-२४ जादा वेळेत, आयोवा १०-१३. कोच नवा, सहायक नवे, क्वार्टरबॅक नवा. हार तीच. मग 'तीच चूक' फ्रॉस्टची होती की नेब्रास्काची?

मक्याचं_शेत

चौथा_डाऊन, मुद्दा चांगला आहे, पण ६३ चा आकडा एकदा सोलून बघा. जिंकलेले तीन सामने: फोर्डम ५२-७, बफलो २८-३, नॉर्थवेस्टर्न ५६-७. तिथेच ११९ गुणांची आघाडी जमा झाली. उरलेल्या नऊ सामन्यांत ५६ गुणांनी मागे. फोर्डम तर खालच्या पातळीवरचा संघ. म्हणजे दुबळ्यांना तुडवलं आणि बरोबरीच्यांपुढे दरवेळी एक पाऊल कमी पडलं. याला नुसतं दुर्दैव म्हणणं मला जमत नाही.

२०२३ चं मान्य, तेही डोळ्यांनी बघितलंय. पण ते चेंडू गमावून हरले, वर्षभर क्वार्टरबॅकचा खेळखंडोबा होता. पंट अडवला जाऊन नाही. चूक निदान वेगळी होती.

चौथा_डाऊन

'चूक निदान वेगळी होती' हे वाक्य स्टेडियमच्या दारावर कोरून ठेवा. 😀

अ‍ॅनआर्बरकर

आता मिशिगनवाल्याचं ऐका, कारण 'अजून एक वर्ष' आमच्याकडे लागू पडलंय.

जिम हारबॉ २०१५ ला आला. १०-३, १०-३, ८-५, १०-३, ९-४. वाईट नाही, पण ओहायो स्टेटविरुद्ध ०-५. २०१८ ला ३९-६२, २०१९ ला २७-५६. मग २०२० चं कोविड वर्ष: २-४, घरच्या मैदानावर विस्कॉन्सिनकडून ११-४९. त्या वर्षी ओहायो स्टेटचा सामनाच रद्द झाला आणि खरं सांगतो, इथे सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. डिसेंबरात गावात एकही माणूस भेटला नसता जो म्हणेल ठेवा.

जानेवारी २०२१ मध्ये आमचा क्रीडाप्रमुख वॉर्ड मॅन्युएलने त्याचा करार वाढवला. पण कसा? सुमारे ८० लाखांचा पगार ४० लाखांवर, बाकी सगळं जिंकलात तर बोनस. आणि हारबॉने सही केली! दुसरीकडे कुणी त्याच्यासाठी दार उघडलं नसतं असं नाही, एनएफएलमध्ये (व्यावसायिक लीग) सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत गेलेला माणूस. पण मुख्य गोष्ट पगार नव्हतीच. ओहायो स्टेट दरवर्षी कुठे मारत होती? आमच्या बचावात. डॉन ब्राऊनचा बचाव माणसाला माणूस जोडून खेळायचा आणि त्यांचे वेगवान रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) आडवे पळत मोकळे व्हायचे. ब्राऊन गेला, भाऊ तेव्हा ज्याचा कोच होता त्या एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्समधून माइक मॅकडोनाल्ड आला, तिशीतला पोरगा. बचावाची सगळी मांडणी बदलली.

२७ नोव्हेंबर २०२१: मिशिगन ४२, ओहायो स्टेट २७. त्या वर्षी १२-२, पुढे १३-१, आणि २०२३ ला १५-० सह राष्ट्रीय विजेतेपद.

तेव्हा मक्याचं_शेत यांच्या कसोटीत एक भर: कोच स्वतःचं काय सोडायला तयार आहे? सगळेच म्हणतात बदल करतो. दुखेल असा बदल कोण करतो ते बघा.

(अवांतर: २०२१ च्या बोनसची रक्कम त्याने कोविडमध्ये पगारकपात झालेल्या खात्यातल्या कर्मचाऱ्यांना देऊन टाकली.)

नीलांबरी

कोलंबसहून, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावाहून नमस्कार. अ‍ॅनआर्बरकर, गोष्ट छान रंगवलीत. फक्त तो प्रतिपक्षाचे इशारे चोरण्याचा प्रकार सांगायचा राहिला वाटतं? २०२३ मध्ये बिग टेनने हारबॉला शेवटच्या तीन सामन्यांसाठी घरी बसवलं होतं ते कशासाठी?

अ‍ॅनआर्बरकर

वाटच बघत होतो. त्या तीन सामन्यांत तिसरा तुमच्याविरुद्धच होता. हारबॉ मैदानावर नव्हता, इशाऱ्यांचा माणूस राजीनामा देऊन गेला होता. स्कोअर सांगू का?

नीलांबरी

३०-२४. पाठ आहे. तरी दोन वर्षं आधी जे केलं ते केलंच.

अ‍ॅनआर्बरकर

मान्य, डाग आहे. पण बचाव बदलला हेही खरं. मॅकडोनाल्ड आज सिअ‍ॅटलचा हेड कोच आहे, तो काही इशारे चोरून झाला नाही.

गेन्सव्हिलची_आत्या

फ्लोरिडाचं कुणी लिहीत नाहीये म्हणून शेवटी मीच.

बिली नेपियर. लुईझियानाहून २०२२ साठी आला. ६-७, मग ५-७. २०२४ ची सुरुवात घरी मायामीकडून १७-४१. सगळं गाव म्हणतंय काढा. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघ ४-४ असताना अ‍ॅथलेटिक डायरेक्टर स्कॉट स्ट्रिकलिनने पत्र काढलं, नेपियर राहणार. दोनच दिवसांनी टेक्ससने ४९-१७ ने धुतलं. हसू की रडू अशी अवस्था.

पण मग काय झालं? एलएसयूला हरवलं, नवव्या क्रमांकाच्या ओल मिसला हरवलं, फ्लोरिडा स्टेटला ३१-११, बोल गेममध्ये (सीझननंतर चांगल्या संघांना मिळणारा जादा सामना) टुलेनला ३३-८. सलग चार, ८-५. डीजे लॅगवे नावाचा पहिल्या वर्षातला क्वार्टरबॅक, त्याच्या हातात तोफ. स्ट्रिकलिन शहाणा ठरला! मीसुद्धा सीझन तिकिटं पुन्हा घेतली.

२०२५ च्या दुसऱ्याच सामन्यात साउथ फ्लोरिडाने आमच्या मैदानावर १८-१६ ने हरवलं. त्यांच्या शेवटच्या चढाईत आमच्या एका खेळाडूने समोरच्यावर थुंकून १५ यार्ड भेट दिले. हो, थुंकून. मग एलएसयू, मायामी. १९ ऑक्टोबरला, आदल्या दिवशी मिसिसिपी स्टेटला हरवून सुद्धा, नेपियर गेला. एकूण २२-२३. सुमारे २ कोटी १० लाख डॉलर.

आता कसोटी लावा. २०२३ ला युटाविरुद्ध मैदानावर एकाच वेळी ३ नंबरच्या जर्सीचे दोन खेळाडू, दंड. त्याच वर्षी अर्कान्सासविरुद्ध सामना संपताना फील्ड गोलला (चेंडू पायाने खांबांमधून मारणं) कोण आत कोण बाहेर याचा गोंधळ, दंड, किक चुकली, जादा वेळेत हार. २०२५ ला थुंकणं. चुका 'नव्या' आहेत बरं का, मक्याचं_शेत! एकही दुसरीसारखी नाही. तरी मूळ एकच.

पण अ‍ॅनआर्बरकरांची कसोटी इथे चपखल बसते. नेपियर आक्रमणाचे डाव स्वतः ठरवायचा. चार वर्षं लोक सांगत होते, दुसऱ्या कुणाला दे, तू अख्खा संघ बघ. २०२४ च्या शेवटी जिंकल्यावर तर सोडायचं कारणच उरलं नाही. त्या चार विजयांनी आमचं वाटोळं केलं असं मी म्हणते. हरलो असतो तर निदान तो बदलला असता, नाहीतर गेला असता.

पेठकर

आत्या, हे भारी आहे. जिंकल्यामुळे वाटोळं.

मला एक समजलं नाही, नव्या क्वार्टरबॅकमुळे जिंकले तर त्याचं श्रेय कोचला कसं?

गेन्सव्हिलची_आत्या

कारण कॉलेजात खेळाडू आणण्याचं काम कोचचंच. लॅगवेला टेक्ससमधून त्यानेच आणला. श्रेय आहेच. म्हणून तर डोळ्यांवर पट्टी बसली.

रेफ्री_नाना

तुम्हा पोरांचा इतिहास २०१५ ला सुरू होतो का?

फ्रँक बीमर, व्हर्जिनिया टेक. १९८७ ला आला तेव्हा आधीच्या कोचच्या कारभारामुळे संघावर एनसीएएची (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था) बंदी, शिष्यवृत्त्या कापलेल्या. २-९, ३-८. मग थोडं वर, ६-४-१ (तिसरा आकडा बरोबरीचा), ६-५. पुन्हा खाली, ५-६. सहाव्या वर्षी, १९९२ ला, २-८-१. सहा वर्षांचा हिशेब २४-४०-२. आज कोण ठेवेल? त्यांनी ठेवला, सहायकांत फेरबदल करायला लावून. १९९३ ला ९-३. तिथून निवृत्तीपर्यंत सलग २३ वर्षं बोल गेम, १९९९ च्या सीझनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना. आणि योगायोग बघा, बीमरचा संघ ओळखला जायचा तो स्पेशल टीम्ससाठी!

कर्क फेरेन्ट्झ, आयोवा. १-१०, ३-९, मग ७-५, ११-२. १९९९ पासून तिथेच आहे.

आणि आता नेब्रास्काची दुसरी बाजू. २००३ ला फ्रँक सोलिचला ९-३ वर काढला. २०१४ ला बो पेलिनीला ९-३ वर काढला, ज्याने सातही वर्षं किमान ९ सामने जिंकले होते. 'नऊ पुरत नाहीत' म्हणाले. त्यानंतर कितीदा नऊ जिंकले? एकदा, २०१६ ला. टॉम ऑस्बोर्न पहिली पाच वर्षं ओक्लाहोमाला एकदाही हरवू शकला नव्हता, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद २२ व्या सीझनला आलं. त्याला आजच्या लोकांनी १९७७ ला हाकलला असता.

मक्याचं_शेत

नाना, ऑस्बोर्नचं उदाहरण इथे चालत नाही. ओक्लाहोमा सोडता तो बहुतेकांना हरवत होता, एकाही वर्षी नऊच्या खाली गेला नाही. तो धडपडणारा कोच नव्हता, आम्ही खादाड होतो. पेलिनीच्या बाबतीत तुमचं बरोबर. तो करवादून बोलायचा, वरच्या लोकांना आवडायचा नाही, आणि 'नऊ' हे निमित्त झालं.

हिशेबनीस

नानांच्या शेवटच्या मुद्द्याला पुरावा आहे. कोलोरॅडो आणि शिकागोकडच्या तीन राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९९७ ते २०१० मधले कोच बदललेले आणि न बदललेले सारख्याच स्थितीतले संघ शेजारी ठेवून बघितले. अगदी तळातल्या संघांना कोच बदलून फारसा फरक पडला नाही. मधल्या संघांचं तर कोच न बदललेल्यांपेक्षा वाईट झालं.

पण तो काळ संपला. बीमरला सहा वर्षं मिळाली कारण त्या काळात खेळाडू हलत नव्हते. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल (संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आलं, २०२१ ला एक वर्ष न बसता संघ बदलायची मुभा मिळाली, त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमवता येऊ लागले. २०२५-२६ पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे वाटू शकतात, त्या वर्षीची मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. 'माझी मुलं तिसऱ्या वर्षात येऊ देत, मग बघा' हे कारणच उरलं नाही. तिसऱ्या वर्षात येईपर्यंत ती दुसऱ्याच्या संघात असतात.

चौथा_डाऊन

+१. आणि याचं एकच नाव: इंडियाना.

२०२३ ला ३-९. टॉम अ‍ॅलनला दीड कोटीहून जास्त देऊन काढला, तेव्हा लोक म्हणाले इंडियानासारख्या हरत आलेल्या विद्यापीठाला हे चोचले कशाला. कर्ट सिग्नेटी आला, जेम्स मॅडिसनहून स्वतःचे १३ खेळाडू घेऊन. पहिल्याच वर्षी ११-२. दुसऱ्या वर्षी १६-० आणि राष्ट्रीय विजेते. इंडियाना!! आता प्रत्येक अ‍ॅथलेटिक डायरेक्टरला देणगीदार विचारतात, त्यांना एका वर्षात जमलं, तुमचा माणूस चौथ्या वर्षी काय करतोय?

मला हे न्याय्य वाटत नाही. सिग्नेटी अपवाद आहे. पण लोक अपवादाशीच तुलना करतात.

नीलांबरी

खेळाडूंबद्दल कुणीच बोलत नाहीये. कोच मधल्या सीझनमध्ये काढला की रिक्रूटिंगमधली, म्हणजे शाळेतून यायचं कबूल केलेली मुलं निसटतात, असलेल्यांपैकी चांगली पोर्टलमध्ये जातात. १८ वर्षांचं पोर कोचच्या शब्दावर घर सोडून आलेलं असतं. म्हणून डिसेंबरातल्या सही करायच्या दिवसाआधी नवा माणूस हवा, ही घाई त्यातून येते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणं क्रूर दिसतं, पण नोव्हेंबरच्या शेवटी काढण्यापेक्षा मुलांच्या दृष्टीने बरं. दुसऱ्या कोचशी बोलायला वेळ तरी मिळतो.

उलट सर्वांत वाईट म्हणजे 'राहणार, राहणार' म्हणून जाहीर पत्र काढायचं, त्या भरवशावर मुलं सही करणार, आणि पुढच्या ऑक्टोबरला कोच गायब. आत्या, सॉरी.

गेन्सव्हिलची_आत्या

सॉरी काय त्यात, खरंच आहे.

अ‍ॅनआर्बरकर

मक्याचं_शेत, एक प्रश्न राहिलाच. माझ्या कसोटीवर फ्रॉस्टही पास होतो की. २०२१ नंतर त्याने पगार कमी केला, चार सहायक घालवले, डाव ठरवायचं काम व्हिपलला दिलं, स्पेशल टीम्ससाठी बिल बुशला नेमलं. कागदावर हारबॉपेक्षा जास्तच सोडलं. मग तो का बुडाला?

मक्याचं_शेत

हा प्रश्न मी टाळत होतो, बरोबर पकडलात. 😀

एक म्हणजे, हारबॉने नेमकी दुखरी जागा बदलली. फ्रॉस्टचे काढलेले चारही सहायक आक्रमणाचे होते. आक्रमण तसं बरं चाललं होतं. सामने जात होते ते आयत्या वेळच्या निर्णयांत, आणि ते निर्णय त्याचेच. डब्लिनची ऑनसाइड किक कुणाची, असं विचारल्यावर त्याने स्वतःच सांगितलं, माझा निर्णय. ११ गुणांनी पुढे असताना! ते काम कुणा सहायकाला देता येत नाही.

दुसरं, बदल अल्बर्ट्सच्या अटींमधून आले. त्याला त्यातलं किती पटलं होतं हे बाहेरून कळणार नाही, पण पहिल्या कसोटीच्या क्षणी तो जुनाच फ्रॉस्ट होता.

तिसरं, आणि हे इथल्या लोकांना आवडत नाही: तो घरचा होता. परका कोच २०२० नंतरच गेला असता. १९९७ च्या संघातल्या पोराला आपण काढायचं, हे कुणाच्याच हातून होईना. अल्बर्ट्स स्वतः इथलाच जुना लाइनबॅकर (बचावातला खेळाडू). 'वेळ द्या' म्हणणारे आम्ही त्याला पाहत नव्हतो, १९९७ पाहत होतो.

रेफ्री_नाना

आणि रूलचं काय? ५-७, ७-६, ७-६, आणि २०३२ पर्यंत करार! आधीच्या नोकऱ्यांत, टेम्पलला तिसऱ्या वर्षी १० जिंकले, बेलरला तिसऱ्या वर्षी ११. नेब्रास्काला तिसऱ्या वर्षी ७. तुमच्याच कसोटीवर सांगा.

मक्याचं_शेत

माझ्या कसोटीवर तो अजून आत आहे. २०२४ ला फील्ड गोल वरचेवर अडवले जात होते. २०२५ साठी टेनेसीहून माइक एकेलरला आणलं आणि ते खातं एका वर्षात सुधारलं. आठ वर्षांनी २०२४ ला बोल गेम मिळाला आणि जिंकला, हेही जमेला.

पण आयोवा: १०-१३, १०-१३, १६-४०. पहिले दोन शेवटच्या सेकंदांतल्या फील्ड गोलवर गेले, तेव्हा म्हटलं सुधारतंय. तिसरा सामना तसा नव्हता, हाणामारीत चिरडले गेलो. लाइन ऑफ स्क्रिमेजवर (दोन्ही संघांच्या फळ्या भिडतात ती रेषा) आम्ही आयोवासमोर तीन वर्षांत पुढे सरकलो नाही. २०३२ चा करार २०२५ च्या ऑक्टोबरातच, आयोवाशी खेळायच्या आधी द्यायची घाई कशाला केली हे मला समजलेलं नाही. दुसऱ्या विद्यापीठाने पळवला असता या भीतीने, असं म्हणतात.

हिशेबनीस

त्याच भीतीने फिशरचा करारही वाढवला होता, २०२१ मध्ये. साडेसात कोटी तिथूनच आले.

पेठकर

आयोवाशी सामना कधी असतो? भारतातून बघता येईल का?

चौथा_डाऊन

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी. तुमच्याकडे रात्री उशिरा पडेल. आधी नियम वाचून ठेवा, नाहीतर प्रत्येक डाऊनला इथे प्रश्न विचाराल.